चपलांची ड्युटी

हवालदारकाकांनी सातारा आणि सांगली जिल्ह्यांतली जवळजवळ सगळी देवळं बाहेरून पाहिली आहेत. औंधची यमाई, शिखर शिंगणापूर, औदुंबर, सागरेश्वर, चाफळ, माहुली. कुठलंही नाव घ्या, गाडी कुठे लावायची, प्यायचं पाणी कुठे मिळतं, सकाळी सावली कुठल्या बाजूला असते आणि दुपारी ती कुठे सरकते, हे काका डोळे मिटून सांगतील. आत मूर्ती कशी आहे हे मात्र त्यांना विचारायचं नाही. "त्ये आतल्यांना विचारा," म्हणायचे. "आपली ड्युटी भाईर."

बाबांची बदली झाली म्हणून आम्ही सांगलीहून साताऱ्याला राहायला आलो. मला नोकरी होती, पण ती घरात बसूनच करायची होती. दिवसभर कानाला हेडफोन, समोर लॅपटॉप आणि खोलीचं दार बंद. आईला त्याची काळजी वाटायची. "कॉलनीत लोकांना वाटतं, आम्हाला मूलबाळच नाही," असं ती म्हणायची. शेजारच्या शालनकाकू दर महिन्याला एका रविवारी बायकांना देवदर्शनाला नेतात हे कळल्यावर तिने परस्पर माझं नाव देऊन टाकलं. मला विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, हे तिला माहीत होतं.

शालनकाकू म्हणजे हवालदारकाकांची बायको. काका सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. मूळ गाव रहिमतपूरच्या बाजूला. तिथे थोडा ऊस आहे, तो भाऊ बघतो. काकांच्या नोकरीची सगळी वर्षं काकू त्या गावात सासू, सासरे आणि ऊस यांच्याबरोबर राहिल्या. काका कायमचे घरी आले, तेव्हा त्यांच्या हातात चहाचा कप देतानाच काकूंनी सांगितलं, "तुमी सगळा देश बगून आला. मी रहिमतपूरचा बाजार आन पालीचा खंडोबा सोडून काय बगितलं न्हाई. आता मला देव दाखवा." काकांनी मान डोलावली. फक्त एक अट घातली. नेईन, आणीन, पण आत येणार नाही.

काकू एकट्या जाणाऱ्या नव्हत्याच. त्यांनी शेजारणी घेतल्या, शेजारणींनी नणंदा घेतल्या, आणि संपत ड्रायव्हरची मिनीबस कायमची ठरली. देव कुठला ते काकू सांगणार, बाकी सगळं काका. निघायच्या आदल्या संध्याकाळी ग्रुपवर त्यांचा आवाज यायचा. तो ग्रुप मीच तयार करून दिला होता. "सर्व यात्रेकरूंना खबर दिली जाते की, गाडी सकाळी सहाला सुटेल. जो लेट होईल तो पुढच्या महिन्यात येईल. जय हिंद." शेवटी काकूंचा आवाज: "आवं, जय हिंद काय, देवाचं नाव घ्या की." आणि तिथेच रेकॉर्डिंग तुटायचं.

सकाळी कॉलनीच्या फाटकापाशी काका शिट्टी वाजवायचे. खरी शिट्टी, पांढऱ्या दोरीत ओवून गळ्यात अडकवलेली. शिट्टी झाली की नऊवारी, पाचवारी आणि पंजाबी ड्रेस अशी मिश्र पलटण रांगेत उभी राहायची. मग बॅग चेक. पाण्याची बाटली, शाल, गोळ्या. याच्यावर काही निघालं तर ते परत घरी. एकदा कोपऱ्यावरच्या पाटीलबाईंच्या पिशवीतून कुकर निघाला.

"ह्ये कशाला?"

"वर भात लावावा म्हटलं, गरम गरम."

"गाडीत शिट्टी एकच," काका म्हणाले, "ती माझ्याकडं."

जेवणाच्या डब्यांना मात्र ते हात लावत नसत. दुसऱ्याच्या डब्यात डोकावायचं नाही, असा त्यांचा नियम होता. हा नियम पुढे त्यांच्यावरच उलटला, पण ते नंतर.

माझी पहिली खेप औंधची होती. सगळ्या बायका देवळात गेल्या आणि मी फोन आल्यासारखं करून मागे राहिले. देवावर माझा राग नाही. मला आत काय करायचं असतं तेच नीट येत नाही. शाळेत रोज सकाळी म्हटलेली इंग्रजी प्रार्थना मला अजून तोंडपाठ आहे, पण आरती सुरू झाली की मी नुसते ओठ हलवते. तीर्थ कुठल्या हातावर घ्यायचं, घंटा आधी की नमस्कार आधी, गुरवाने गोत्र विचारलं तर काय सांगायचं. शेजारची बाई हळूच कोपराने ढोसून दाखवते, आणि त्यानंतर देवापेक्षा ते कोपरच लक्षात राहतं.

काका झाडाखाली बसले होते. समोर चपलांची रांग. त्यांनी माझ्या हातातल्या बंद फोनकडे पाहिलं.

"आत जा की."

"नको."

त्यांनी का म्हणून विचारलं नाही. थोडं सरकून कट्ट्यावर जागा केली. "बस मग. डावी बाजू तुझी."

मला वाटलं, डावी बाजू म्हणजे बसायची. तसं नव्हतं. रांगेच्या डाव्या निम्म्या चपला आता माझ्या ताब्यात होत्या.

चपला ठेवायची त्यांची एक रीत होती. देवळाच्या स्टँडवर त्यांचा विश्वास नव्हता. गाडीत ज्या क्रमाने माणसं बसली असतील त्याच क्रमाने जोड्या लावायच्या. जोडी मोडायची नाही. चपलांचं तोंड देवळाकडे नाही, रस्त्याकडे. "मानूस देवाला भेटून आलं की त्येचं ध्यान जाग्यावर नसतंय," ते म्हणाले. "आल्या आल्या पाय आत गेला पायजे." बायका बाहेर यायच्या, न बघता पाय पुढे टाकायच्या, आणि पाय बरोबर आपापल्या चपलेत जायचे. बघायला इतकं छान वाटायचं की मी पहिल्या काही खेपांना फक्त त्यासाठी गेले.

त्या रांगेत एक जोडी कधीच नसायची. काकांची. त्यांच्या पायात कायम काळे लेदरचे बूट असत, रोज पॉलिश केलेले, नाड्या दोन्हीकडे सारख्या. देवळात जायचं नाही म्हटल्यावर बूट काढायचे कशाला. कुठल्याही डोंगरावर, कुठल्याही धुळीत ते बूट तसेच चमकत राहायचे. खिशात त्यांच्यासाठी वेगळं फडकं असे.

चपला पाहून ते माणसांविषयी काहीही बोलत. निम्म्या वेळा ते चुकायचं. एक जोड दाखवून म्हणाले, "ह्या बाईचा उजवा गुडगा गेलाय, टाच बग." ती बाई आली ती तुरुतुरु पायऱ्या उतरत. चपला सुनेच्या होत्या. माझ्या सँडलकडे बघून मात्र म्हणाले, "कॉन्व्हेंट, तू चालताना अंग चोरतीस. तळवा बग, आतल्या बाजूनं झिजलाय." त्या दिवसापासून मी 'कॉन्व्हेंट' झाले. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही, मला शेवटपर्यंत कळलं नाही.

एकदा आमची गाडी पुण्याला गेली. पहिल्या दिवशी आळंदी, दुसऱ्या दिवशी शहरातले देव. चतुःशृंगी, तळ्यातला गणपती, पर्वती. पुण्यात रस्ता ओलांडायचा म्हणजे काय ते आमच्या बायकांना माहीत नव्हतं आणि पुण्याला आमचे काका माहीत नव्हते. एका मोठ्या चौकात सगळ्या अडकल्या. सिग्नल हिरवा व्हायचा, बायका 'तू चल, तू चल' म्हणेपर्यंत लाल व्हायचा. तिसऱ्यांदा तसं झाल्यावर काका रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले, हात आडवा केला आणि शिट्टी फुंकली. सगळा चौक थांबला. स्कूटरवाल्या मुली, रिक्षा, पीएमटी, सगळं. बायका दोन-दोनच्या जोडीने पलीकडे गेल्या. पलीकडे खराखुरा वाहतूक पोलीस उभा होता. काकांनी त्याला सॅल्यूट केला. त्याने आधी परत सॅल्यूट केला आणि मग कुणाला केला म्हणून विचारात पडला.

चतुःशृंगीच्या पायथ्याशी वेगळीच गंमत झाली. आम्ही दोघं नेहमीसारखे रांग लावून बसलो होतो. शिस्तीत लावलेल्या चपला बघून पुण्याच्या लोकांना वाटलं, हाच स्टँड. एक जोडपं आलं, बूट ठेवून वर गेलं. मग एक कुटुंब. मग कॉलेजची मुलं. मी सांगणार होते, पण काकांनी हाताने थांबवलं. "आलंय ते आलंय. डावी बाजू वाढव." आम्ही तासभर अर्ध्या पुण्याचे बूट सांभाळले. एका मुलाने बुटात मोजे कोंबून बूट फेकल्यासारखे टाकले, तेव्हा काकांनी त्याला परत बोलावून मोज्याची घडी घालायला लावली. त्याने घातली. खाली आल्यावर एका गृहस्थांनी काकांच्या हातात नोट ठेवली. काकांनी ती काकूंकडे दिली. "देवीला टाक. सांग, चपलांचे हायेत."

काकू ती नोट घेऊन पुन्हा त्या पायऱ्या चढल्या. वर जाताना माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सगळ्यांचं देवाला पोचवतोय ह्यो माणूस. माझंच तेवढं ऱ्हायलंय."

काकूंचं काय राहिलं होतं, ते सगळ्या गाडीला माहीत होतं. काका सीमेवर बर्फात होते, तेव्हा बरेच दिवस त्यांची काही खबर नव्हती. काकू गावाहून निघून पालीच्या खंडोबाला गेल्या आणि नवस बोलल्या, सुखरूप आले तर त्यांच्या भारोभार गूळ घालीन. म्हणजे तराजूच्या एका पारड्यात काका, दुसऱ्यात गूळ. काटा समान झाला की तो गूळ देवाचा, आणि मग आलेल्या-गेलेल्याला प्रसाद. उसाच्या भागातले लोक गुळाचाच नवस बोलणार, त्यात नवल नाही. नवल हे की काका सुखरूप आले, निवृत्त झाले, केस पांढरे झाले, आणि नवस तसाच राहिला. काका तराजूत बसायला तयार नव्हते.

"मी काय बाजारातलं कांद्याचं पोतं हाय का?" एवढंच ते सांगत, आणि उठून बूट पुसायला लागत.

काकूंना ते फार लागायचं. दुसऱ्यांच्या सुनांच्या ओट्या, दुसऱ्यांच्या नातवांची जावळं, सगळं त्या पुढे होऊन करायच्या, आणि खंडोबासमोर गेलं की मान खाली घालायच्या. पालीला त्या सगळ्यांच्या मागे उभ्या राहायच्या. एकदा गाडीत डबे उघडल्यावर काकांनी तिसरी चपाती घेतली तशी त्या म्हणाल्या, "पुरं करा आता. तवा काडीवाणी हुता, थोडक्यात भागलं आसतं. तुमी खाताय आन देवाचं वाढतंय." सगळी गाडी हसली. काकांनी चपाती परत ठेवली आणि खिडकीतून बाहेर बघत बसले.

मी कमी बोलते, म्हणून बघते जास्त. काका गूळ खात नाहीत हे माझ्या लक्षात आलं होतं. साखरेचा चहा ते दिवसातून कितीदाही घेत, जिलबी मागून घेत, पण गुळाचा प्रसाद आला की तो शेजारच्याच्या हातात जायचा. होळीला काकूंनी आम्हाला जेवायला बोलावलं तेव्हा सगळ्यांच्या ताटात पुरणपोळी होती आणि काकांच्या ताटात साधी चपाती. काकूंनी ती न विचारता वाढली. आईने विचारलं, "काकांना गोड चालत नाही का?" काकू म्हणाल्या, "चालतंय की," आणि कटाची आमटी वाढायला लागल्या.

मग आम्ही आरेवाडीच्या बिरोबाला गेलो.

आरेवाडी कवठे महांकाळच्या बाजूला. साताऱ्याहून लांबचा पल्ला. कऱ्हाड, तासगाव मागे पडलं की ऊस संपतो, जमीन फिकी होते आणि मेंढरं दिसायला लागतात. एका फाट्यावर गाडी थांबली. तिथे बाभळीखाली एक म्हातारी उभी होती. ताठ, काळीसावळी, हातात काठी, पण टेकायला नाही, धरायला. काका खाली उतरले, वाकून तिच्या पायाला हात लावला, आणि तिला धरून ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसवलं. ती सीट सकाळपासून रिकामी होती. कुणी बसायला गेलं की काका 'रिझर्व्ह' म्हणायचे.

मला आश्चर्य वाटलं ते वाकण्याचं. देवळाबाहेरून काका कधी साधे हातही जोडत नसत.

"आये, ही कॉन्व्हेंट," त्यांनी ओळख करून दिली.

"कुनाची?" आयेने विचारलं.

"शेजारची. बोलत न्हाई."

"बरं हाय," आये म्हणाली. "हितं बोलनाऱ्या लय हायेत."

बिरोबाच्या बनात झाडांची दाट सावली आहे. बायका आयेला पुढे घालून देवळात गेल्या. आम्ही चपला लावल्या. दूर कुठेतरी ढोल वाजत होता. मी विचारलं, "आये म्हणजे तुमच्या आई?"

"न्हाई. बिरूच्या."

मी पुढे विचारलं नाही. बहुतेक म्हणूनच त्यांनी सांगितलं.

"एका पलटनीत हुतो. मी रहिमतपूरचा, त्यो हिकडला. आमच्यात ऊस आन त्येंच्यात मेंढरं, पर एका ताटात जेवलो. आयेनं बी नवस केलेला बिरोबाला. तुज्या काकूवाणीच. भारोभार गूळ."  एका चपलेचं तोंड वळलेलं होतं, ते त्यांनी सरळ केलं. "त्यो सुट्टीवर यायचा हुता. आला त्यो पेटीत. बरोबर मी आलो. घरात पाय ठिवला तर कोपऱ्यात ढेपा. घोंगडं टाकून झाकून ठिवलेल्या. पोरगं येणार म्हणून आधीच आणून ठिवलेल्या तिनं."

ढोल चालूच होता.

"आता सांग," काका म्हणाले, "हिच्या म्होरं मी तराजूत बसू?"

 मी म्हटलं, "आये नसतील तेव्हा..."

"तिच्या माघारी बसायचं म्हंजे लपून बसायचं. देवाचं लपून कसं करायचं?"

देवळातून काकू गुळाचा प्रसाद घेऊन आल्या. आये त्यांच्यामागेच होती. काकांनी मला हळूच खूण केली. मी तो प्रसाद घेऊन पटकन पर्समध्ये टाकला, आयेला दिसू नये म्हणून. नंतर माझ्या लक्षात आलं की या गाडीत वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. आये बसली असली की गुळाची पुडी कुणीतरी झाकायचं.

त्या हिवाळ्यात काकूंचे गुडघे फारच दुखायला लागले. गाडीची पायरी चढायलाही दोघी लागायच्या. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. "मी म्हटलं, आधी देवाचं, मग तुमचं," काकू मला म्हणाल्या. त्या आमच्या स्वयंपाकघरात बसल्या होत्या आणि आवाज खाली होता. "फाडाफाडीत माझं काय झालं तर नवस कोन फेडनार? तुजं काका? त्ये वर येऊन मला चपला लावून देत्याल तेवढंच." मग पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढून त्यांनी माझ्या मांडीवर ठेवलं. जड होतं. वास आला तेव्हा कळलं. गुळाची लहान ढेप.

"तुज्या त्या कंपूटरच्या पिशवीत घाल. पालीला जातोय आपण रविवारी."

"आणि आये?"

"ती बी येनार हाय. तू नुसती पिशवी धर."

मला रात्रभर बरं वाटलं नाही.

शनिवारी काका स्वतः एसटीने जाऊन आयेला घेऊन आले. रविवारी फाटकापाशी शिट्टी झाली, रांग लागली. त्या दिवशी प्रत्येक बाईच्या हातात भलामोठा डबा होता. नेहमी पोळीभाजीचा डबा आणणाऱ्या बायकांनी लग्नाच्या पंगतीचे वाटावेत असे डबे आणले होते. पाटीलबाईंनी तर कुकरच आणला होता, झाकणाला फडकं बांधून.

"ह्यो परत?"

"डबा समजा," पाटीलबाई म्हणाल्या.

डब्यात डोकावायचं नाही. काका पुढे सरकले. माझ्यापाशी थांबले.

"रविवारी कंपूटर?"

"ऑफिसचं काम आहे, काका."

मी खोटं बोलताना नेहमी लाल होते. त्यांनी पाहिलं असणार. पण ते पुढच्या पिशवीकडे वळले.

गाडी हायवेला लागली. थंडी होती, खिडक्या बंद होत्या. थोड्या वेळाने काकांनी नाक वर केलं. "गाडीत गुळाचा वास कशानं येतोय?"

 संपतने आरशात बघायचं टाळलं.

"उसाचा सीझन हाय वं," काकू म्हणाल्या. "गुऱ्हाळं चालू असत्याल." आणि त्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. बाहेर ट्रॅक्टरचं शोरूम होतं.

पालीला यात्रेची गर्दी ओसरली होती. तरी भंडारा सगळीकडे होता. पायऱ्यांवर, भिंतींवर, कुत्र्यांच्या पाठीवर. काकांनी दाराबाहेर जागा निवडली, बायकांनी चपला काढल्या, डबे उचलले आणि आत गेल्या. माझी ढेप पाटीलबाईंनी नेली. आम्ही दोघं राहिलो. काकांनी फडकं काढून बुटावरचा भंडाऱ्याचा एक कण टिपला.

"आज डबे घिऊन आत का गेल्या सगळ्या?" त्यांनी मला विचारलं.

मी चपलांकडे बघत राहिले. माझ्या कानांचा रंग त्यांना कळला असावा. ते उठून उभे राहिले, आणि तेवढ्यात सगळ्या बायका अनवाणी परत बाहेर आल्या. पुढे काकू, त्यांच्या खांद्यावर आयेचा हात. की आयेच्या खांद्यावर काकूंचा. दोघींनी एकमेकींना धरलं होतं.

"चला," काकू म्हणाल्या.

"ड्युटी हाय."

"गूळ आलाय. सगळ्यांनी थोडा थोडा आणलाय. तराजू बांधलाय आत."

काकांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ते काकूंवर रागावले नाहीत, आयेकडे बघून घाबरल्यासारखे झाले. "शालन," ते अगदी हळू म्हणाले, "आये हाय म्होरं."

"म्हनून तर आलीया," आये म्हणाली.



"मीच सांगितलं हिला आणाया. ही इचाराया आलती माज्याकडं, रडत. हिच्या नवसाचं मला आदी ठावंच न्हवतं. मला वाटायचं, ह्येला गूळ सोसत न्हाई. मला बगून लपवताय व्हय रं तुमी? मी येडी हाय का?" तिने काठी जमिनीवर आपटली. "लेका, माजा गूळ मुंग्यांनी खाल्ला. हिचा तर देवाला जाऊ दे."

 काका कट्ट्यावर बसले आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागले. दोन्ही बूट काढले, मोज्यांची घडी करून आत ठेवली, आणि बूट रांगेच्या शेवटी लावले. तोंड रस्त्याकडे. गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात दिली.

"चार्ज दिला."

त्याला काय उत्तर द्यायचं ते इतक्या रविवारांनी मला शिकवलं होतं. "चार्ज घेतला," मी म्हटलं. ते माझ्या मानाने फारच मोठ्याने आलं. पाटीलबाईंनी वळून पाहिलं.

मी बाहेरच बसले. दारातून आवाराचा एक तुकडा दिसत होता, आणि तराजू नेमका त्या तुकड्यात होता. एका पारड्यात काकांना बसवलं. मांडी घालून, पाठ ताठ, ड्युटीवर असल्यासारखे. दुसऱ्या पारड्यात डबे रिकामे व्हायला लागले. कुकरमधूनही ढेप निघाली. काकूंनी काकांचं जे वजन मनात धरलं होतं, ते बहुधा भरल्या अंगाच्या दिवसांतलं होतं. शिवाय प्रत्येकीने कमी पडू नये म्हणून जास्तच आणलं होतं. शेवटचा डबा रिता झाला आणि काका हळूच वर गेले. पांढऱ्या केसांचे, अनवाणी, हवेत. मांडी तशीच घातलेली.

"आवं," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज मला बाहेरपर्यंत आला. "तुमी कवा एवढं हलकं झाला?"

कुणीतरी हसलं, मग सगळ्याच हसल्या, काकूसुद्धा, पदर तोंडाला लावून. गुरव म्हणाला, गूळ काढा थोडा. काकू म्हणाल्या, देवाला घातलेला काढायचा नाही. तेव्हा आये पुढे झाली. तिने स्वतःच्या पिशवीतून फडक्यात बांधलेली एक ढेप काढली आणि काकांच्या मांडीवर ठेवली.

"धर लेका. ह्यो माजा."

काकांनी ती दोन्ही हातांनी धरली. लहान मूल धरावं तशी, थोडी अवघडून. पारडं खाली येत येत थांबलं. काटा सरळ झाला. येळकोट येळकोट जय मल्हार झालं, आणि भंडाऱ्याचा एवढा ढग उठला की मला पुढचं काही दिसलं नाही.

त्याच महिन्यात मला ऑफिसकडून बंगळूरला यायचं बोलावणं आलं. काकूंचं ऑपरेशन नीट झाल्याचं मला ग्रुपवरच कळलं. आता त्या वॉकर घेऊन गाडीत चढतात, आणि रविवारच्या आधी काकांचा आवाज अजून येतो. हल्ली शेवटी 'जय हिंद, जय मल्हार' असतं. मी ऐकते, उत्तराला अंगठा टाकते. पण काका म्हटलं की मला पालीची ती दुपार आठवते, कारण त्यांना शेवटचं नीट बघितलं ते तेव्हाच.

ते बाहेर आले तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत पिवळे होते. बूटही पिवळे झाले होते. एक वरात दारातून गेली होती आणि वऱ्हाड्यांनी उधळलेला भंडारा सगळ्या रांगेवर पडला होता. मी ओढणीने बूट पुसायला लागले.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. तसेच पिवळे बूट पायात घातले. नाड्या बांधायला वाकले नाहीत.

बायका गूळ वाटत वाटत रस्ताभर पांगल्या होत्या. कुणी पेढेवाल्याला देत होती, कुणी रिक्षावाल्याला. आये दगडावर बसून आपला गुळाचा खडा चोखत होती. गाडी सुटायची वेळ झाली होती. काकांनी हात पुढे केला, मी शिट्टी दिली. ते गाडीच्या दारापाशी जाऊन ताठ उभे राहिले, दीर्घ श्वास घेतला, आणि फुंकली.

शिट्टी वाजली नाही. त्यांनी परत फुंकली. नुसती हवा आली. बायका वळून बघायला लागल्या, पण रांगेत कुणी आलं नाही. काकांचा गाल एका बाजूने फुगलेला होता. तोंडात गूळ होता.